मंडळी भायखळ्यात, माणसं बदलापुरात

भायखळा_फास्ट

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, वार्षिक सभा झाली. अडीच तासांपैकी दीड तास छपराच्या गळतीवर गेला. निधीची घोषणा झाली, टाळ्या झाल्या. अहवालात ‘शहरातील सेवाकार्य’ या मथळ्याखाली दोन ओळी होत्या: नाताळात सरकारी रुग्णालयात फळवाटप, आणि स्त्री मंडळाची अनाथाश्रमाला भेट. सेवाकार्य संपलं, चहा आला.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मुंबईतल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांची सुरुवात 1813 साली इथे आलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांपासून धरतात. पण आज बाकांवर बसणारे बहुतेक जण नगर, जालना, श्रीरामपूर, राहुरीकडचे. कुणाचे आजोबा गिरणीत, कुणाचे रेल्वेत, कुणाची आजी मिशन दवाखान्यात शिकून मुंबईत नर्स झालेली. भायखळा, माझगाव, आग्रीपाडा अशा चाळींतून राहायचे आणि रविवारी चालत चर्चला यायचे. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, पोरांची लग्नं झाली आणि माणसं लाईनीने सरकत सरकत डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, नालासोपाऱ्याला पोचली. चर्च होतं तिथेच राहिलं.

आता स्थिती अशी. चर्चच्या भिंतीला लागून जे राहतात त्यांच्याशी आमचा संबंध पार्किंगच्या भांडणापुरता. आणि आमचे स्वतःचे लोक जिथे राहतात तिथे आजारपणात, मयतीत, पोरांच्या परीक्षेत मंडळीचं कुणी फिरकत नाही, कारण पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) एकटे आणि अंतर पन्नास-साठ किलोमीटर. दोन्हीकडून आपण गैरहजर, आणि याला कुणी वाईट माणूस जबाबदार नाही, म्हणून तर कुणी बोलत नाही. तुमच्याकडे काय होतं, कुणी काही वेगळं करून पाहिलं का, ते लिहा.

---

डबा_नं_७

+1. आणि परतीच्या मेगाब्लॉकबद्दल कुणीतरी एक स्तोत्र लिहा. उपासना सुटते आणि तेवढ्यात मुलुंड-माटुंगा फास्टचा ब्लॉक सुरू.

---

वसईची_सून

कॅथलिकांमध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो आणि वेगळ्या रीतीने अडतो. आमच्याकडे पत्ता बदलला की पॅरिश, म्हणजे आपल्या भागाचं चर्च, बदलतं. मी माहेरी गिरगावात होते, लग्नानंतर वसईत आले, त्याच महिन्यात इथल्या रजिस्टरात नाव चढलं. ‘आमचं जुनं चर्च’ असं म्हणत दर रविवारी कुणी गिरगावला जात नाही. गेलंच तर सणाला.

शिवाय मुंबई महाधर्मप्रांतात 1980 च्या दशकापासून लहान ख्रिस्ती समूह सुरू झाले. एका गल्लीतली किंवा दोन-तीन इमारतींतली घरं मिळून एक समूह, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसायचं, शास्त्रपाठ वाचायचा आणि कोण आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरात भांडण आहे हे कळून घ्यायचं. हे कळणं हाच त्यातला खरा भाग. फादरना सगळी घरं फिरणं शक्यच नसतं.

आता अडतं कुठे? जुन्या वसईत ठीक आहे, सगळे एकमेकांचे नातेवाईक. पण नालासोपारा-विरारच्या नव्या इमारतींत नगर-जालन्याकडचे मराठी कॅथलिक येतात. ते सप्टेंबरात हरिगावच्या मतमाउलीच्या (मरियेच्या) यात्रेला आवर्जून जातात, पण इथे इंग्रजी मिस्साला (उपासनेला) मागच्या बाकावर बसून निघून जातात. मराठी मिस्सा असते, बहुतेक वेळा सगळ्यात गैरसोयीच्या वेळेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेत उपासना आली म्हणून आपण मान ताठ करतो. वसईचे लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा तर आम्ही पेढे वाटले होते. पण वेळापत्रकात मराठीचा नंबर कितवा, ते एकदा नोटीस बोर्डावर जाऊन बघा.

---

नाईट_ड्युटी

सलाम ताई-दादा. मी नर्स आहे, नगरची. मंडळी मुंबईत, राहायला कल्याणच्या पुढे.

रविवारी सकाळी नऊची उपासना ही वेळ कुणी ठरवली? आमच्या मंडळीत नर्स, वॉर्डबॉय, बसचे ड्रायव्हर, सिक्युरिटीवाले, सफाई खात्यातले असे किती जण आहेत. यांना रविवारची सुट्टी मिळते का? पूर्वी मिशनच्या दवाखान्यात नोकरी होती तेव्हा ड्युटीही मिशन लावायचं आणि उपासनाही मिशनच ठरवायचं, जमायचं. आता रोस्टर एजन्सीकडे. सासूबाई म्हणतात, तू चर्चला येत नाहीस, तुझा विश्वास थंड झालाय. आई, मी तेव्हा आयसीयूत असते.

आम्ही सात-आठ बायकांनी मंगळवारी संध्याकाळची घरप्रार्थना सुरू केली. कुणी नेमलं नाही. एकजण अंगणवाडीत आहे, एक मेथडिस्ट, एक मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मीच्या) घरातली, दोघी तर बौद्ध शेजारणी आहेत, त्या नुसत्या येऊन बसतात. प्रार्थना अर्धा तास, बाकीचा वेळ रेशनकार्ड, नवऱ्याची दारू आणि पोरीची अकरावी. पाळकसाहेब एकदा आले होते, खूप छान बोलले. पण या प्रार्थनेचा अहवालात उल्लेख नाही, कारण ती ‘मंडळीची’ नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट सांगते, जी सभेत कुणी काढत नाही. मयत. आमच्या भागात आपल्यासाठी कबरस्थानाची सोय नाही. मागच्या वर्षी शेजारच्या आजी वारल्या. मृत्यू दाखला, शववाहिनी, शिवडीच्या कबरस्थानाला फोन, मंडळीचं पत्र, पाळकांची वेळ. शिवडीत जागेची एवढी टंचाई की कुटुंबाची जुनी कबर असेल तर तीच उघडतात, नसेल तर ठरावीक मुदतीची मिळते आणि मुदत संपली की तिथे दुसरं कुणी. पावसात शववाहिनी ठाण्याजवळ अडकली. शेजारचे सगळे हिंदू, मुसलमान लोक आमच्यासोबत टेम्पोत बसून आले. चर्चचे चार जण होते. चारच.

शहरातली सेवा म्हणून पहिलं काम कोणतं, असं मला विचाराल तर हेच. माणूस मेल्यावर त्याला नेणारे लोक पाहिजेत.

---

चौकस_पुणेरी

धागा आवडला. मी हिंदू आहे आणि प्रश्न जरा टोचणारा आहे, पण विचारतो.

‘सेवाकार्य’ म्हटलं की आमच्यासारख्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो: सेवा, की आत ओढायची पायरी? आमच्या सोसायटीत एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी माईक लावून प्रार्थना चालायची. पत्रकं वाटली गेली, कॅन्सर बरा होतो, कर्ज फिटतं वगैरे. आमच्या कामवाल्या मावशींनी शुगरच्या गोळ्या सोडल्या होत्या. आम्ही तक्रार केली. आम्ही असहिष्णू म्हणून केली नाही. वरच्या प्रतिसादातल्या नर्सताईंबद्दल मला आदरच आहे. पण या दोन गोष्टी बाहेरच्या माणसाने वेगळ्या कशा ओळखायच्या?

---

मोशीचा_पास्टर

प्रेज द लॉर्ड.

चौकसजी, त्या माणसाने गोळ्या बंद करायला सांगितलं असेल तर तो गुन्हाच आहे. मी माझ्या लोकांना उलट सांगतो, प्रार्थना करतो आणि दवाखान्यात मी स्वतः घेऊन जातो. पण एका फ्लॅटवरून सगळ्यांना मोजू नका.

आता भायखळा_फास्ट यांना दोन शब्द. तुमच्याकडे शंभर वर्षांची दगडी इमारत आहे, म्हणून छपराचं दुःख आहे. आम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये हॉल भाड्याने घेतो. अकरा महिन्यांचा करार, आणि मालकाला कुणीतरी फोन केला की करार संपायच्या आत बाहेर. फेलोशिपच्या दानाचा मोठा हिस्सा भाड्यातच जातो. तरी आमच्याकडे लोक येतात. का? लातूर, नांदेड, परभणीहून कंपनीत ठेकेदारीवर आलेला बावीस वर्षांचा पोरगा खोलीवर पाच जणांत राहतो. त्याला रविवारी कुणीतरी नावाने हाक मारतं, जेवायला बसवतं. संध्याकाळी दारूच्या गुत्त्यावर जायच्या ऐवजी गिटार शिकतो. तुमच्या मोठ्या चर्चमध्ये तो आला तर त्याला विचारतात, “तुम्ही कुठल्या मंडळीचे? पत्र आणलंय का?”

हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः तसा आलेला पोरगा आहे.

---

जुने_अंक

निवृत्त शिक्षक, जुन्या कागदांची आवड. चौकस यांच्या प्रश्नाला इतिहासातून उत्तर द्यावंसं वाटतं, कारण मुंबईत याची दोन्ही टोकं होऊन गेली आहेत.

एक टोक जॉर्ज बोवेन. 1848 मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आला आणि 1888 मध्ये इथेच वारला. मधल्या चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेला नाही. मिशनचा पगार त्याने सोडून दिला, गरीब वस्तीत लहानशा जागेत राहिला, रस्त्यावर उभं राहून प्रवचनं केली. लोकांनी दगडही मारले आणि ‘साधू’ही म्हटलं. तो उघड उघड सुवार्तिक होता, काही लपवलं नाही. 1882 मध्ये आलेली मुक्तिफौजही तशीच. बोटीतून उतरून चौघांनी वाजतगाजत मिरवणूक काढली आणि पोलिसांनी धरलं. पुढे त्यांचा पुढारी टकर याने ‘फकीर सिंग’ नाव घेतलं आणि अनवाणी, भगव्या कपड्यांत हिंडू लागला.

दुसरं टोक नागपाड्याचं. हे मराठी वाचकांना फारसं ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहितो. 1920 च्या दशकात त्याच अमेरिकन मराठी मिशनने क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा माणूस मुंबईत आणला. नागपाडा तेव्हा म्हणजे एका बाजूला कामाठीपुरा, आजूबाजूला गिरणी कामगारांच्या चाळी, वस्ती मुसलमान, बगदादी ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशी सरमिसळ. मॅनशार्टने तिथे नवं चर्च बांधलं नाही. ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उघडलं. दवाखाना, वाचनालय, वर्ग, खेळ, व्याख्यानं, आणि येणाऱ्याची जात-धर्म विचारायचा नाही. तिथे काम करताना त्याच्या लक्षात आलं की नुसत्या चांगुलपणावर वस्तीत काम होत नाही, त्याचं शिक्षण लागतं. टाटा ट्रस्टच्या मदतीने 1936 मध्ये तिथेच ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झालं, मॅनशार्ट पहिला संचालक. आज देवनारला जी टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे ती हीच. देशातलं समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण एका मिशनच्या वस्तीकामातून निघालं.

आणि खेळाचं म्हणाल तर नागपाड्याच्या गल्ल्यांत अमेरिकन मंडळींनी बास्केटबॉल रुजवला. भारतीय संघाचा कर्णधार झालेला, अर्जुन पुरस्कार मिळालेला अब्बास मुंतसिर नागपाड्याचाच. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि कुणाची तशी अटही नव्हती.

तेव्हा ओळखायचं कसं? मला एक खूण दिसते. देवाणघेवाणीची अट आहे का ते पाहावं. बोवेनची अट नव्हती, मॅनशार्टची नव्हती. ‘गोळ्या सोड मग बरा होशील’ ही अट आहे.

(जाता जाता: पुण्यात 1890 साली पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य (जातीचा बहिष्कार) आलं होतं. चौकस यांच्या सोसायटीपेक्षा तो प्रकार बराच वरचा होता.)

---

चौकस_पुणेरी

@जुने_अंक, चहा प्रकरण माहीत होतं, नागपाड्याचं नव्हतं. अटीची खूण पटली. प्रश्न पूर्ण मिटला असं नाही, पण पुढे वाचतो.

---

दाखल्यावरचं_नाव

इतिहास छान आहे, सर. आता वर्तमान.

मी चेंबूरच्या वस्तीत वाढलो. आजोबा जालन्याकडचे, मिशनने शिकवलेले, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण शहरातल्या चर्चने वस्तीत काम करायचं म्हटलं की पहिला दगड जातीचा लागतो आणि तो कुणी नाव घेऊन उचलत नाही. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर. म्हणून वस्तीतली किती कुटुंबं रविवारी चर्चमध्ये गातात आणि शाळेच्या दाखल्यावर गप्प राहतात. यांचं नाव मंडळीच्या रजिस्टरात घालायचं की नाही? घातलं तर पोराची स्कॉलरशिप जाते. नाही घातलं तर त्यांना मत नाही, पंच होता येत नाही, मयतीच्या वेळी पत्र मिळत नाही. नर्सताईंनी लिहिलेल्या चार माणसांचं एक कारण हेही असू शकतं.

आणि चर्चच्या आत? दोन-तीन घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या पंचपद. नगरवाले-जालनावाले गट. लग्न जुळवताना हळूच विचारली जाणारी ‘मूळची’ चौकशी. छपराच्या समितीत वस्तीतला एकही माणूस नसतो. मग सेवाकार्याला ‘भेट’ म्हणतात. फळं घेऊन जायचं आणि फोटो काढून परत यायचं.

मोशीच्या पास्टरांचं पटतं, पण त्यांच्या फेलोशिपमध्येही हिशेब कुणाला दाखवतात हे विचारावंसं वाटतं.

---

मोशीचा_पास्टर

हिशेब दर तीन महिन्यांनी भिंतीवर लावतो, भाऊ. कधीही या. सगळेच लावत नाहीत हेही खरं आहे.

---

पेटी_तबला_कीबोर्ड

गंभीर चर्चेत घुसतोय. आमच्या तरुण संघात पंधरा पोरं, त्यातली दहा इंग्रजी माध्यमाची. ‘उपासनासंगीत’ या गीतपुस्तकातली नारायण वामन टिळकांची भजनं त्यांना आवडतात, चालीसकट पाठ आहेत, पण पुस्तक उघडलं की वाचता येत नाही. म्हणून मी पडद्यावर रोमन लिपीत दाखवायला लागलो. एका काकांनी उभं राहून निषेध केला. पुढच्या रविवारी तेच काका चष्मा विसरले आणि पडद्यावर बघून गायले.

सेवाकार्याशी काय संबंध? आमची पोरं चर्चशेजारच्या वस्तीत पथनाट्य करायला तयार आहेत. मराठीतच. संहिता रोमनमध्ये लिहून देतो.

---

भायखळा_फास्ट

बरंच जमलं. माझ्या मंडळीत आता दोन प्रस्ताव देतोय, ते इथे टाकतो.

पहिला: चर्चचा हॉल सोमवार ते शनिवार कुलूपबंद असतो. तो संध्याकाळी सहा ते दहा अभ्यासिका म्हणून उघडायचा. आजूबाजूला दहा बाय बाराच्या खोल्या, त्यात सहा माणसं आणि टीव्ही. दहावी-बारावीचं पोर अभ्यास करणार कुठे? नागपाड्याएवढं मोठं काही नको, टेबलं, ट्यूबलाइट, पाणी आणि बसायला एक मोठा माणूस. यावर कमिटीतली पहिली प्रतिक्रिया: “पेटी चोरीला गेली तर?” दुसरी: “इथली पोरं आपली नाहीत.” दुसऱ्या वाक्याला मी सभेत उत्तर दिलं नाही, कारण आवाज चढला असता.

दुसरा: महिन्यातून दोन रविवारी संध्याकाळी बदलापूर-अंबरनाथ भागात शाळेचा हॉल घेऊन उपासना. नर्सताईंसारख्यांना जमेल अशी वेळ. इथे खरं कारण बाहेर आलं. दान फुटेल. पाळकांचा पगार, धर्मप्रांताचा वाटा, शिपाई, वीजबिल हे सगळं भायखळ्याच्या थैलीवर चालतं. लोक तिकडे जमले तर थैली तिकडे फिरणार, मग छपराचं काय? यात लोभ आहे असं मी म्हणणार नाही, खजिनदाराची झोप उडणं समजू शकतो. पण 1970 मध्ये नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाली. तेव्हाच्या माणसांना मिळकती, पगार, विधी सगळ्याचा मेळ घालता आला. आपल्याला दोन थैल्यांचा हिशेब जमत नाही का?

---

चौकस_पुणेरी

अभ्यासिकेत बायबलचा वर्ग असणार का? सरळ उत्तर द्या.

---

भायखळा_फास्ट

नाही. दारावर वेळ आणि नियम लिहिणार, बस. रविवारी उपासना उघडीच असते, ज्याला यायचं तो येतो, आजही येतो.

---

मोशीचा_पास्टर

मग ती एनजीओ झाली. नाव प्रभूचं घ्यायचं नाही तर चर्चच्या हॉलमध्ये कशाला? मला हे पटत नाही, आणि चौकसजींना बरं वाटावं म्हणून मी पटलं म्हणणार नाही. माझ्या पोरांनी दारू सोडली ती ट्यूबलाइटमुळे नाही.

---

जुने_अंक

पास्टर, तुम्ही बोवेनच्या बाजूचे आणि हे मॅनशार्टच्या. दोघांना एकाच मिशनने मुंबईत पाठवलं होतं.

---

मोशीचा_पास्टर

हे मात्र छान बोललात सर. तरी पटलं नाही.

---

नाईट_ड्युटी

तुम्ही सगळे हॉलवर बोलताय. मयतीचं कुणी बोलेना. कबरस्थानाच्या जागेसाठी अर्ज करायचा तर कुणाकडे? नगरपरिषद म्हणते तहसीलदारांकडे जा, तिकडे म्हणतात नगरपरिषदेकडे जा.

---

वसईची_सून

ताई, दोन्हीकडे करा, आवक क्रमांकाची पोच घ्या. आणि शहराचा विकास आराखडा कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा. आराखड्यात दफनभूमीचं आरक्षण पडलं तरच जागा टिकते. हरकती-सूचनांची मुदत वर्तमानपत्रात जाहीर होते, ती चुकवू नका. मुख्य म्हणजे अर्ज एकट्या तुमच्या मंडळीचा नको. कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, मुक्तिफौज, फेलोशिपवाले, सगळ्यांची एकत्र कुटुंबसंख्या आणि सगळ्यांच्या सह्या. आमच्या पॅरिशमधल्या एका काकांनी हे काम केलंय, त्यांना विचारून अर्जाचा मसुदा पाठवते.

---

मोशीचा_पास्टर

तुमच्या भागात आमच्या ओळखीच्या तीन फेलोशिप आहेत. सह्या मी आणून देतो.

---

नाईट_ड्युटी

पाठवा ताई. मंगळवारी बायकांसमोर वाचते. आमच्या पास्टरेट कमिटीची सही सगळ्यात शेवटी येईल, त्यांना आधी बैठक बोलवावी लागते.